मुसंडीवाल्यासमोर तार की धूर?

पाच जणांची टीम हरली, की तुम्ही सगळ्यात आधी कोणाकडे बघता? खरं सांगा. स्वतःकडे बघत असाल तर तुम्हाला पुढचं वाचायची गरज नाही, जा, चहा घ्या. बाकीच्यांनी थांबावं. आमच्या टीमने निघोजेवाल्याकडे बघितलं होतं, त्याची ही हकिकत.

आधी खेळ सांगते, म्हणजे कोणी चुकायला नको. कॉम्प्युटरवर पाच विरुद्ध पाच. एका बाजूने बॉम्ब घेऊन आत शिरायचं आणि ठरलेल्या दोन जागांपैकी एका जागी तो लावायचा. दुसऱ्या बाजूने ते होऊ द्यायचं नाही. गोळी लागून मेलात की तो डाव संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. त्या दोन जागांना खेळात नुसती इंग्रजी अक्षरं आहेत, पण आम्ही एकीला तळेगाव चौक म्हणतो आणि दुसरीला आंबेठाण चौक. चाकणचे हे दोन चौक ज्याने पाहिलेत त्याला कारण सांगायला नको. तिथे शिरलेला माणूस आपल्या मर्जीने बाहेर पडत नाही.

सामना सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने एकेक पात्र निवडायचं. पात्रं पुष्कळ आहेत, तुम्ही तीनच लक्षात ठेवा, आणि नावंही आम्ही ठेवलेलीच ठेवा. मुसंडीवाला एका झेपेत आत घुसतो, तुम्ही बंदूक वर करेपर्यंत तो तुमच्या पाठीमागे असतो. तारवाला दारात सहजी न दिसणारी तार बांधतो. तिला पाय लागला की घंटी वाजते आणि घुसणारा क्षणभर जागच्या जागी जखडतो. धूरवाली पाहिजे तिथे धुराचा गोळा टाकते, आणि तो विरेपर्यंत कोणाला काही दिसत नाही.

आम्ही खेळायचो संत तुकाराम नगरमध्ये, पिठाच्या गिरणीवरच्या गेमिंग कॅफेत. खाली गिरणी सुरू झाली की वर माउस आपोआप सरकायचा, आणि मारलेल्या गोळ्या का चुकल्या याचं कारण सगळ्यांना तयार मिळायचं. दिवस ठरलेला, गुरुवार. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते, आणि माझं लहानपण शनिवार-रविवारी आई कामावर आणि गुरुवारी आई घरी असंच गेलं. आई पिंपरीतल्या एका कारखान्यात जुळणीच्या कामावर होती, आणि युनियनची पत्रकं लिहायची. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. पुस्तकातलं कमळ आणि गवत नंतर भेटलं, ‘बंधू-भगिनींनो’ आधी भेटलं. अजूनही एखादी गोष्ट मला पटली नाही, की डोक्यात ती ठळक टाइपात मथळा होऊनच येते.

आमची टीम पाच जणांची. कप्तान वाकडला आयटीत. त्याची सुट्टी शनिवार-रविवार, पण गुरुवारी तो घरून काम करतो असं त्याच्या कंपनीला वाटतं. ऐन सामन्यात त्याचा फोन वाजायचा आणि तो एका हाताने गोळ्या झाडत म्हणायचा, “हो सर, बघतोय, इश्यू सापडलाय, आत्ताच उडवतो.” मग दोघे सख्खे भाऊ, कॉलेजातले. थोरला जे म्हणेल ते धाकटा पुन्हा म्हणायचा, फक्त जरा मोठ्याने. मी. आणि निघोजेवाला.

निघोजेवाला मूळ गावचा, चाकणजवळच्या निघोज्याचा. घराच्या मागे बांधलेल्या खोल्यांत भाडेकरू, आणि हा स्वतः तिथल्याच एका कारखान्यात लाइनवर. सरकत्या पट्ट्यावरून गाडीचा सांगाडा समोर येतो, हा आपल्या वाट्याचे बोल्ट आवळतो, सांगाडा पुढे जातो, दुसरा येतो. गडी अंगाने भरलेला, आवाजाने त्याहून. तो हसला की खाली गिरणीवाले मामा वर बघायचे. खेळात तो कायम तारवाला. तळेगाव चौक त्याचा.

तर झालं असं, की कॅफेच्या स्पर्धेआधी आम्ही भोसरीच्या टीमशी सराव सामना खेळलो आणि सपाटून हरलो. त्यांच्यात मुसंडीवाला खेळायची एक मुलगी, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची. इंजेक्शन देताना पेशंटला कळत नसणार, इतका हलका हात. तिला एकदा कळलं की तार कुठे बांधतात, मग ती दर वेळी वरून उडी मारून आत.

“अहो तारवाले,” ती पलीकडच्या रांगेतून ओरडली, “आणखी एक बांधा ना! आमच्या होस्टेलला कपडे वाळत घालायला जागा नाही!”

सगळा कॅफे हसला. सगळ्यात जास्त निघोजेवाला. “या की पिळे घेऊन!” तो म्हणाला, आणि त्याच क्षणी परत मेला.

दुसऱ्या दिवशी माझ्या मोबाइलवर एक नवा ग्रुप उगवला. नाव ‘स्ट्रॅटेजी’. आत चौघंच. कप्तानाने लांबलचक मजकूर टाकला होता, आकृतीसकट. सार एवढंच, की मुसंडीवाल्यासमोर तारवाला टिकत नाही, धूरवाली टिकते, कारण तारेवरून उडी मारता येते, धुरावरून येत नाही. आपल्या निघोजेवाल्याला धूरवाली जमत नाही. कप्तानाच्या ऑफिसातला एक जण ती उत्तम खेळतो. स्पर्धेपुरता त्याला घेऊ या.

थोरल्याने लिहिलं, “बरोबर आहे. मुसंडीसमोर तार म्हणजे बुलडोझरसमोर सुतळी.”

धाकट्याने लिहिलं, “सुतळी!!!”

मी लिहिलं, “ज्याच्याबद्दल चाललंय तो कुठाय?”

“त्याला वाईट वाटेल म्हणून नाही घेतला,” कप्तान.

“आणि काढल्यावर आनंद होणार आहे का त्याला?”

“आली नेतेबाई. अगं, ही टीम आहे, युनियन नाही.”

“रोज येणारा माणूस घरी बसवायचा आणि कामापुरता बाहेरून आणायचा, याला आमच्या घरात ठेकेदारी म्हणतात.”

“तुला जिंकायचंय की मोर्चा काढायचाय?”

मला दोन्ही हवं होतं. पण माणसाच्या पाठीमागे त्याचा निकाल लावायचा, हे मी कारखान्याच्या बाबतीत मान्य केलं नसतं, मग गिरणीवरच्या कॅफेत का करावं? मी निघोजेवाल्याचा नंबर काढला आणि त्याला त्या ग्रुपमध्ये घेतलं.

आधीचं बोलणं नव्याने आलेल्याला दिसत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तेच जास्त वाईट होतं. थोड्या वेळाने त्याचा मेसेज आला, “राम राम मंडळी! नवा ग्रुप? कुनाचं लगीन हाय?”

धाकट्याने अंगठा पाठवला. मग मीच सगळं लिहिलं, काही न गाळता. सुतळीसकट.

त्याचं उत्तर आलं, “व्हय का. बरं झालं सांगितलं राव. मंग असं करा, त्या वाकडच्या पाव्हण्याला गुरुवारी बोलवा. आमी बी येतो. दोघं खेळून बघू. ज्याला जमंल त्यानं बसावं.”

त्यानंतर माझ्या एकटीच्या नंबरवर आणखी एक ओळ आली. “ताई, मला सोडायचं न्हाई पन. आठवडाभर मशिनीच्या आवाजात कुनाचं कुनाला ऐकू येत न्हाई. गुरुवारी तेवढं मानसांत बसतो.”

ती ओळ वाचून माझ्या डोक्यात पत्रक छापूनच तयार झालं. मी आईला ऐकवलं. आई मटार सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, एक शेंग मला सोलायला दिली आणि विचारलं, “तो हरतो कशामुळे?”

“मुसंडीवाल्यासमोर तार...”

“ते तुमच्या कप्तानाचं झालं. तू बघितलंस का, तो हरतो तेव्हा काय करत असतो?”

मी बघितलं नव्हतं. कोणीच बघितलं नव्हतं. आपापल्या पडद्यात डोकं घालून खेळताना दुसऱ्याचा पडदा दिसतो कुठे? आम्हाला दिसायची ती नुसती त्याची मेल्याची खूण.

गुरुवारी पाहुणा आला. चांगला मुलगा, इस्त्रीच्या शर्टातला, आल्या आल्या सगळ्यांना हात जोडणारा. ठरलं असं, की थोरला समोरच्या बाजूने मुसंडीवाला होईल, त्याच्याबरोबर कॅफेतले नेहमीचे चौघे. आमच्या बाजूने आधी निघोजेवाला तार घेऊन बसेल, मग त्याच खुर्चीत पाहुणा धूर घेऊन. मी खेळणार नव्हते. माझ्या आणि थोरल्याच्या जागी ओळखीच्या दोन मुली बसवल्या आणि मी निघोजेवाल्याच्या खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिले.

पहिले काही डाव थोरला सरळ तळेगाव चौकातच घुसला. तारेचा हिशेब फार वाईट नव्हता. कधी तार लागायची आणि निघोजेवाला त्याला आरामात टिपायचा, कधी थोरला वरून उडी मारायचा आणि हा मरायचा. ओरडून ओरडून दोघांचा घसा बसला.

“दिसली तार, दिसली!”

“आरं, दिसली तर पाया पड की तिच्या!”

मग थोरल्याने डाव बदलला. तळेगाव चौकाकडे आल्यासारखं दाखवायचं आणि सगळ्यांना घेऊन आंबेठाण चौकात शिरायचं. तिथे आमचे चौघे घेरले गेले. कप्तान ओरडला, “सगळे इकडे या!”

“आलो, आलो!” निघोजेवाला म्हणाला.

आणि मी त्याच्या पडद्याकडे बघत राहिले, कारण तो येत नव्हता. एक पाऊल टाकायचा, वळून तारेकडे बघायचा, परत जागेवर. “आलो आलो,” तोंडाने चालूच. तिकडे आमचे एकेक करून मेले. मग समोरचे पाचच्या पाच जण मागून याच्यावर आले आणि हा शेवटी एकटा सापडला. पुढच्या डावात तेच. त्याच्या पुढच्या डावातही तेच. पलीकडून कप्तान म्हणत होता, “बघ, मुसंडीसमोर परत मेला.” पण मेला होता तो मुसंडीने नाही. मुसंडी तिकडे आंबेठाण चौकात आपलं काम कधीच उरकून मोकळी झाली होती.

मग पाहुणा बसला. धूरवाली तळेगाव चौकात खरोखर भारी होती. थोरला धुरात शिरून आंधळा व्हायचा, खोटा खोटा खोकायचा, मरायचा. आणि आंबेठाण चौकातून हाक आली की पाहुणा उठून पळत तिकडे. आम्ही चार डाव जिंकलो.

“आता बोल,” कप्तान मला म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगते. “धूर चांगला की नाही?”

“थांब,” मी म्हटलं आणि निघोजेवाल्याकडे वळले. “तू जात का नव्हतास?”

“कुटं?”

“आंबेठाण चौकात. हाक मारत होते ना.”

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विचारलंय की पोळी तव्यावर का टाकतात. “अन माज्या जागी कोन?”

“म्हणजे?”

“आता म्हंजे काय ताई? जागा अशी टाकून जायाची व्हय? लाइनीवर भोंगा झाला, शिफ्ट संपली, तरी रिलीव्हर येऊन हुबा ऱ्हाईपर्यंत आमी जागा सोडत न्हाई. सोडली तर बिनबोल्टाची गाडी म्होरं जाईल. आता हितं कुनी येतंच न्हाई माज्या जागंवर. मी वाट बघतो, तंवर तुमी समदे मरता.”

धाकट्याला हसू फुटलं, मग थोरल्याला, मग कप्तान टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. निघोजेवाला आधी गोंधळला, मग त्यालाही कळलं आणि गिरणीवाल्या मामांनी खालून विचारलं, वर काय पडलं का.

मी पण हसले, पण डोक्यात चक्रं फिरायला लागली होती. आम्ही आठवडाभर दोन जोड्यांची तुलना करत होतो, मुसंडी विरुद्ध तार आणि मुसंडी विरुद्ध धूर, आणि दोन्ही जोड्या दारातच उभ्या करून मापत होतो. दारात धूर भारी, हे कबूल. धूर वेळ मिळवून देतो. पण धूर टाकणारी निघून गेली आणि धूर विरला, की मागे काही उरत नाही, रिकामा चौक. तारेचं तसं नाही. तार बांधणारा दुसऱ्या टोकाला गेला तरी तार असते. पाय लागला की घंटी वाजते, आणि ती त्याला कुठेही ऐकू येते. म्हणजे ज्याला खुशाल जागा सोडून जाता येईल असा सबंध टीममध्ये एकच माणूस होता, आणि नेमका तोच जागा सोडत नव्हता.

“अरे भावा,” मी म्हटलं, “तू गेल्यावर तिथे कोण थांबतं?”

“कोन?”

“तार थांबते की.”

तो विचारात पडला. डोकं खाजवलं. पडद्याकडे बघितलं. “म्हंजे तारच माजी रिलीव्हर?”

“हो.”

“न कुरकुरता येती, जेवायला जात न्हाई, तंबाखू मागत न्हाई,” तो म्हणाला. “असली रिलीव्हर आमच्या लाइनीला दिली तर नारळ फोडीन.”

पुन्हा खेळलो. तार बांधून झाली की तो मोठ्याने तारेला म्हणायचा, “चार्ज दिला गं!” आणि मग निघायचा. म्हटल्याशिवाय त्याचा पाय उचलायचा नाही. म्हटलं की गडी सुटायचा, आणि आंबेठाण चौकात धडकायचा तो अशा आवेशाने, की दोन वेळा त्याने घाईत कप्तानालाच धक्का देऊन उघड्यावर काढलं. एकदा थोरला हुशारी करून रिकाम्या तळेगाव चौकात गेला. घंटी वाजली. “आमची बाई हाक मारती,” म्हणत निघोजेवाला परत फिरला आणि जखडलेल्या थोरल्याला त्याने सावकाश, नेम धरून, टिपलं.

खुर्च्या सोडून सगळे उभे राहिले. कप्तान काही बोलायच्या आत मी म्हटलं, “मत घ्यायचं तर आता घ्या. समोरासमोर. तो इथे आहे.”

कप्तान पाहुण्याकडे बघायला लागला. बोलावून आणलेल्या माणसाला काय सांगायचं, हा त्याचा प्रश्न खराच होता. पण पाहुण्यानेच तो सोडवला. “मला विचाराल तर याला ठेवा,” तो म्हणाला. “एक तर तो माझ्यापेक्षा चांगला खेळला. आणि दुसरं, गुरुवारी यायचं म्हणजे माझी एक सुट्टी खर्ची पडते. आज आजीला ॲडमिट केलंय. पुढच्या वेळी कोणाला करू?”

“आजोबा हायेत का?” निघोजेवाल्याने काळजीने विचारलं.

थोरला म्हणाला, “तारवालाच राहू दे.” धाकटा म्हणाला, “तारवालाच!” कप्तानाने निघोजेवाल्याच्या पाठीवर हात ठेवला. “सॉरी राव. ग्रुपचं... ते बरोबर नव्हतं.”

“जाऊ द्या वो. सुतळी कोन म्हनलं तेवढं सांगा.”

धाकट्याने थोरल्याकडे बोट दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा तो दादाच्या विरुद्ध गेला.

स्पर्धेत पहिलीच गाठ भोसरीशी पडली. नर्सिंगवाली आली ती कपड्यांचे चिमटे खिशात घेऊन. खरंच. टेबलावर ओळीने मांडून ठेवले. सामना सुरू झाला आणि डावामागून डाव कॅफेत एकच आरोळी घुमत राहिली, “चार्ज दिला गं!” पलीकडच्या रांगेला वाटलं हा काहीतरी गुप्त संकेत आहे. त्यांनी त्यावर चर्चा केली, एकदा तर त्या आरोळीच्या भीतीने दोघे जागचे हललेच नाहीत. नर्सिंगवालीने काही वेळा आमची पार पुरती वाट लावली, तिच्या हाताला तोड नव्हती. पण ती उडी मारून आत आली की चौकात टिपायला माणूसच सापडायचा नाही, आणि आंबेठाण चौकात गेली की आता तिथे पाचही जण असायचे, चौघे नाही. आम्ही थोडक्यात जिंकलो. तिने चिमटे उचलून निघोजेवाल्याच्या हातात ठेवले. “घ्या, तुमच्या बाईसाहेबांना.”

पुढच्या फेरीत निगडीच्या एका टीमने आम्हाला असं धुतलं, की तार, धूर, मुसंडी काही आठवलं नाही. बाहेर पडल्यावर पाचही जणांनी गाड्यावर वडापाव खाल्ले. कप्तान म्हणाला, हरलो कशामुळे ते शोधायला हवं. चौघांनी आधी एकमेकांकडे बघितलं आणि मग, सवयीने, निघोजेवाल्याकडे. तो तोंडात वडा धरून म्हणाला, “बगा की. पन पुढच्या गुरुवारी माज्या मागं येऊन बगा.”

तेव्हा तुम्हाला एकच काम सांगते, आणि ते कराच. तुमच्या टीममध्ये, मग ती गेमची असो, गणपती मंडळाची असो नाहीतर ऑफिसातली, एक माणूस असेल ज्याला बदलायचं सगळ्यांच्या मनात आहे. या आठवड्यात त्याच्या खुर्चीमागे जाऊन एक अख्खा डाव उभे राहा. तोंड बंद, डोळे त्याच्या पडद्यावर. डाव संपला की त्यालाच विचारा, “तू जात का नव्हतास?” तो काय म्हणतो ते पूर्ण ऐकून घ्या. मत त्यानंतर द्या, आणि त्याच्यासमोर द्या.